वाकड्या नाकाचे पंच

आमच्या सरांचे किस्से जमवावे लागत नाहीत. संध्याकाळी सरावाला गेलं, की घरी येताना एखादा नवीन सोबत येतोच!

सर पूर्वी बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग खेळायचे. आता साखरखेर्ड्यात आम्हा मुलींना शिकवतात, जिल्ह्यात पंच म्हणून जातात, संघटनेचं कामही पाहतात. यंदा माझी मैत्रीण समीक्षा विभागीय स्पर्धेसाठी निवडली गेली, पण तिच्या बाबांचा नकार होता. त्यामुळे मैदानावर एकच विषय: समीक्षा जाणार की नाही?

*

मी फारशी बोलत नाही. एकदा मी पॅडवर जोरात किक मारली. सर म्हणाले, "तुह्या किकले एवढा आवाज हाय, मंग तुले काऊन नाही वं?"

समीक्षा म्हणाली, "सर, तिचा आवाज पायात उतरला!"

*

समीक्षाचं वजन पाहायचं होतं आणि आमचा काटा बिघडलेला. सर आम्हाला धावतच एका अडत्याच्या दुकानात घेऊन गेले. समीक्षा घामाने निथळत सोयाबीनच्या काट्यावर उभी राहिली.

ओल्या मालाचं वजन कापायची सवय असलेल्या अडते काकांनी विचारलं, "सर, ओलावा किती कापू?"

"कापा दीड किलो. वजनगटात बरोबर बसते!"

*

जिल्हा स्पर्धेत एक पंच आलेच नाहीत, म्हणून समीक्षाच्या लढतीला आमचे सरच उभे राहिले. तिचा ठोसा समोरच्या मुलीच्या पाठीवर, म्हणजे नियमाबाहेर, बसला. सरांनी ताबडतोब तिचा गुण कापला. समीक्षा जिंकली, सरांनीच तिचा हात वर केला, तरी परतीच्या एसटीत फुगून बसली.

सर शेजारी येऊन बसले, तिच्या हातावर फुटाणे ठेवले आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी. आजचा पंच लयच खडूस होता!"

*

समीक्षाच्या बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. सर त्यांना समजवायला तिथे गेले.

"पोरीचं नाक मोडलं तं?" बाबांनी विचारलं.

"काही होत नाही, भाऊ. मी एवढी वर्षं खेळलो, मले काय झालं?"

सरांचं नाक डावीकडे चांगलंच वळलेलं आहे. बाबा म्हणाले, "तेच पाहून राह्यलो!"

*

विभागीय स्पर्धेसाठी नावं कळवायच्या आदल्या संध्याकाळी सर समीक्षाच्या घरी गेले. मीही होते.

"नाही म्हंजे नाही!" बाबा म्हणाले.

समीक्षाची आई, आमच्या काकू, चहाचं पातेलं उतरवून सांडशीसकट पुढे आल्या. "तुम्ही म्हनान तेच काऊन?"

दोघं एकदमच बोलू लागले. बाबा एक पाऊल पुढे, काकूही एक पाऊल पुढे. सर ताडकन उठले आणि दोघांच्या मधे शिरून ओरडले, "ब्रेक!"

रिंगमध्ये हा शब्द ऐकला की खेळाडू मागे सरतात. घरातही सरले! सरांनी बाबांना दाराजवळच्या कोपऱ्यात पाठवलं, काकूंना गॅसजवळच्या. "आता एका वक्ती एकच. पहिले वहिनी."

काकू हळूच म्हणाल्या, "मले कोनी कुठंच जाऊ देलं नाही. इले जाऊ द्या."

समीक्षा जमिनीकडे पाहत होती. सर बाबांकडे वळले. "बोला, भाऊ."

बाबा कोपऱ्यातून बाहेर आले आणि त्यांनी काकूंचा हात, सांडशीसकट, वर केला!