रुमाल टाकलेली जागा

आमच्या ह्यांना विसरायला होऊ लागलं ते हळूहळू. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, आणि एक दिवस मीच. चहाचा कप हातात घेऊन मला अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, तुमचे मिस्टर कधी येतात?" मी म्हटलं, "आलेत की. चहा पिताहेत." ते हसले, पण त्यांना काही उमगलं नाही. त्या दिवसापासून माझं देवीशी बिनसलं. पूजा चुकवली नाही कधी, पण बोलणं टाकलं. जन्मभर तुझं केलं आणि माझ्या वाट्याला हे, असं मनात धरून मी हळदकुंकू वाहत होते.

तसं तक्रार करावी असं आयुष्य नव्हतं माझं. हे नगर रोडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. आमच्या कर्वेनगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि तेव्हा घरच्या माणसांनाही त्या बसमधून न्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला हे पुढे गेले, बसमध्ये बसले आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला. मी घरी नऊवारीशी झटापट करतेय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आख्खी बस हसतेय, आणि हे ढिम्म. "येतेय ती. तिला साडी नेसायला वेळ लागतो," एवढंच सांगत राहिले. पुढे दर वर्षी तेच. ह्यांनी रुमाल टाकायचा, मी उशीर करायचा आणि बसनं हसायचं. मला मेलीला सुधारता आलं नाही, आणि खरं तर सुधारायचंही नव्हतं.

मग बाहेरच्या कंपन्यांचा माल आला आणि कारखाना बंद पडला. बरोबरीची माणसं खचली. हे मात्र दुसऱ्याच दिवशी पक्कड घेऊन सोसायटीत फिरायला लागले. कुणाचा मिक्सर, कुणाची कडी, कुणाचा पंखा. आमची मुलगी संगणक शिकून हिंजवडीला नोकरीला लागली, तेव्हा खंडेनवमीला ह्यांनी तिच्या हातात झेंडूची छोटी माळ दिली. ती म्हणाली, "बाबा, ऑफिसात हसतील मला." हे म्हणाले, "हसू देत. यंत्र आहे ना? मग त्यालाही हळदकुंकू लागतं." असा माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, आणि मी चढवला तर हे शांतपणे रेडिओ लावायचे.

आता त्या सकाळचं सांगते. मुलगी तोवर लग्न होऊन बाणेरला गेली होती, घरी आम्ही दोघंच. नवरात्राचा नववा दिवस, म्हणजे खंडेनवमी होती. आमच्याकडे घट असतात आणि अखंड दिवा. नऊ दिवस तो तेवत ठेवायचा, घर मोकळं सोडून जायचं नाही, अशी सासूबाईंची शिस्त. दाराची वरची कडी मी एरवी विसरत नसे, कारण हे कधी बाहेर पडतील याचा नेम नव्हता. पण त्या दिवशी मी तोरण बांधलं आणि कढईत काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून आत धावले. परत आले तर दार उघडं, हे नाहीत. कपाटातला कंपनीचा करडा शर्ट नाही, आणि पूजेसाठी नारळ आणि झेंडू भरून ठेवलेली पिशवीही नाही.

समईत तेल कमी होतं. ते घालायला थांबावं की जावं, हा विचार मनात येईपर्यंत पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. मी तशीच निघाले. बाग पाहिली, मारुतीचं देऊळ पाहिलं, वाण्याला विचारलं. रस्त्यावर ही गर्दी, आणि ह्यांना स्वतःचं नावही धड सांगता यायचं नाही. एखाद्या गाडीखाली आले तर? मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि कितीतरी महिन्यांनी देवीशी बोलले. म्हटलं, "मला आता काही सुचत नाही. माझा राग बाजूला राहू दे, दिवा विझला तर विझू दे. ह्यांना तू सांभाळ."

कोपऱ्याकडून हॉर्नचा गोंगाट येत होता. पुण्यात हॉर्न ऐकून कुणी वळून बघत नाही, आणि वाहतुकीची कोंडी बघायला तर मी मुळीच जात नाही. त्या दिवशी का उठले, मला सांगता येणार नाही. ह्यांची बस जिथे यायची त्याच कोपऱ्यावर हिंजवडीच्या एका कंपनीची बस अडून उभी होती. पुढे झेंडूचा हार, चाकाजवळ नुकताच फोडलेला नारळ. पायरीवर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी उभी होती, बोलण्यावरून विदर्भातली.

"काकू, तुम्हीच ना? आजोबा बस हलूच देऊन नाही राहिले."

ड्रायव्हर धायरीकडचा असावा. "आजी, पूजेला नारळ आणायचा मी इसरलो हुतो, तर बाबांनी पिशवीतनं काढून दिला. आता म्हणत्यात, मंडळी आल्याबिगर गाडी हलवायची नाय. त्यांचा नारळ खाऊन नाय कसं म्हणायचं?"

मी आत चढले. पुढच्या बाकावर हे बसले होते, करडा शर्ट, गुंड्या वरखाली लागलेल्या. शेजारच्या जागेवर रुमाल. काही मुलं उभी होती, पण त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. ह्यांनी मला पाहिलं, रुमाल उचलला आणि म्हणाले, "झाली का साडी नेसून?"

मी घरातल्या गाऊनवर होते, वर ओढणी. म्हटलं, "झाली." आणि बसले. मग मात्र मला रडू आवरेना. त्या पोरीनं पाण्याची बाटली पुढे केली. ड्रायव्हरनं बस वळवून आमच्या फाटकाशी आणली. उशिराबद्दल कुणी कुरकुरलं नाही, हेही पुण्यात नवलच म्हणायचं.

घरी आले तर समई विझलेली. एरवी मी हबकून गेले असते. तेल घातलं, वात लावली आणि देवीला म्हटलं, तू तरी घरात कुठे होतीस, माझ्याबरोबर हिंडत होतीस ना. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते तेव्हापासून.

ह्यांनी त्यानंतर मला परत कधी ओळखलं नाही. पण माझ्या मनातली सल गेली. नाव गेलं, चेहरा गेला, तरी शेजारची जागा माझीच होती, आणखी काय हवं होतं मला? पुढची वर्षं मी त्यांची आनंदानं ताई होऊन राहिले. हे भरपूर जगले, नव्वदीला टेकले, आणि एका दुपारी चहा पिऊन पडल्या पडल्या गेले. मुलीला वाटतं, मी एकटी पडले. मी तिला सांगते, अगं, ते पुढे गेलेत नेहमीसारखे. रुमाल टाकून ठेवला असेल. निघायचं कधी ते देवी बघेल, ते मी तिच्यावर सोडलंय. मला घाई नाही, आणि त्यांनाही सवय आहे. साडी नेसायला मला अजून वेळच लागतो.