वाटी परत पाहिजे

“घे गो, फुकट नाय हां. वाटी परत पाहिजे!” असं म्हणत शेजारची मावशी भाजीची वाटी माझ्या हातात कोंबायची. आता तुम्हीच सांगा, आपल्यात वाटी कोणी रिकामी परत देतं का? मी दोन लाडू घालून धाडायची, की दुसऱ्या दिवशी वाटी भाजी घेऊन पुन्हा हजर!

नायगावची आमची चाळ पडली आणि आम्ही सगळे टॉवरात आलो. बाकीच्यांनी सोफे आणले. हिने रंगाचे रिकामे डबे आणले आणि थेट गच्चीवर मांडले. एप्रिल-मेमध्ये दोडके, भेंडी, वांगी अशी काही सुटायची, की विचारू नका. एकटी बाई, खाणार किती? मग बिडाचा मोठा तवा चढायचा. लसूण, मिरची, कांदा आणि त्या दिवशी हाताला लागेल ते. झाकण नाही, पाणी नाही. कडा जराशा करपल्या की वर ओलं खोबरं. “कशाची गं भाजी?” विचारलं तर म्हणायची, “गच्चीची!”

आणि सोसायटीने ठराव केला, गच्चीवरचे डबे हटवा. त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदा बसलेला ऐकला. “डबे गेले तर मी दिवसभर कोणाशी बोलू गो?”

सेक्रेटरी म्हणजे आमच्याच चाळीत वाढलेला, आता बँकेत साहेब. नोटीस घेऊन आला, तेव्हा मी तिच्या ओट्याला टेकूनच उभी होते.

“मावशी, सही करा. नियम म्हणजे नियम.”

“करते रे बाबा. हात तेलाचे आहेत. तवर ही वाटी बायकोला दे. परत पाहिजे हां!”

दुसऱ्या दिवशी स्वारी दारात. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात वाटीभर शिरा. आता शिरा देऊन लगेच ‘डबे हटवा’ कसं म्हणायचं? बिचाऱ्याने नोटीस खिशात घातली आणि भाजी घेऊन परत गेला. अहो, महिनाभर हेच! शिरा झाला, घावणे झाले, खरवस झाला. त्याला लिफ्टमध्ये वाटीसकट पाहिलं की मी पदर तोंडात कोंबायची. नोटिशीवर तेलाचे इतके डाग पडले, की अक्षर लागेना.

शेवटी म्हणाला, “नवी छापली असती हो मावशी. पण बायको म्हणते, छाप, आणि उद्यापासून स्वयंपाकही तूच कर.”

डबे राहिले.

गेल्या दिवाळीत ती गेली. साधा ताप, दोन दिवस, बस. आता डब्यांचं काय होणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. या मे महिन्यात पापड काढायला संध्याकाळी गच्चीवर गेले, तर सेक्रेटरी ऑफिसच्या पँटीत गुडघ्यांवर बसलेला. चिमटीत पिवळं फूल, आणि ते तो दुसऱ्या फुलावर अलगद टेकवत होता.

“अरे, हे काय चाललंय?”

दचकला. लाजला. “काकू, मधमाश्या एवढ्या वर येत नाहीत. मावशी म्हणायची, दोडक्यांची लग्नं आपणच लावायची.”

मी हसायला तोंड उघडलं, तर मलाच म्हणतो, “उजेडातून सरका ना जरा. अजून अकरा लागायची आहेत.”