फोडणीच्या वासाने निघालेली जहाजं

जन्मात समुद्र न पाहता सगळ्यात जास्त समुद्रप्रवास केलेला माणूस कोण, असं कुणी मला विचारलं, तर मी माझ्या मेहुण्यांकडे बोट दाखवीन. इच्छा नसताना दाखवीन, पण दाखवावं लागेल. मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. देऊळघाटच्या प्राथमिक शाळेत ते मास्तर होते आणि मी बुलढाण्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवीत होतो. विषय दोघांचा एकच. पुस्तकं माझ्याकडे कपाटभर. त्यांच्याकडे जगाचा एक नकाशा, आणि त्यातलाही आफ्रिकेचा खालचा भाग उंदरांनी खाल्लेला. "बरं झालं," ते म्हणत, "जहाजाइचा वळसा कमी झाला."

आमच्याकडे ते खाचरातून, म्हणजे लहानशा बैलगाडीतून, येत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खाचर आलं की उठून उभे राहत, कपाळावर हात धरून डोळे बारीक करीत आणि "जमीन! जमीन दिसून राह्यली!" असं ओरडत. बैलांना त्यांनी कधी हाणलं नाही. बैल थांबले की 'वारा पडला' म्हणून स्वस्थ बसून राहत, आणि त्यामुळे दुपारच्या जेवणाला निघालेले दादा दिवेलागणीला पोचत. पोचल्यावर अंगणातल्या रांजणातलं पाणी घटाघटा पिऊन, जणू महिनोन् महिने खाऱ्या पाण्यावर काढल्यासारखं म्हणत, "भेटलं बाप्पा गोडं पानी!" माझी पत्नी हा सगळा सोहळा माहेरी लहानपणापासून पाहत आलेली होती. तरी दर खेपेस ती पदर तोंडाशी धरून हसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे.

ते हसू मला सहन होत नसे. मी शिकायला पुण्याला होतो. तिथे माझ्या बोलीची टिंगल झाली, तेव्हापासून मी पुस्तकातलंच बोलत आलो, घरीसुद्धा. संध्याकाळी मी पत्नीला चांगली चांगली पुस्तकं वाचून दाखवी. ती डाळ निवडीत "हं" म्हणे. एकदा बरेच दिवस मनात घोळवून ठेवलेला एक विनोद मी तिला सांगितला. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं झालं का? बिचारा!" हिला आपण एकदा तरी दादांसारखं हसवावं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी संसारात बाळगली. बाकीच्या ज्या होत्या, त्या नोकरीत पुऱ्या झाल्या.

युरोपातले लोक जहाजं घेऊन का निघाले, हा धडा दोघांनाही शिकवावा लागे. मी पाच कारणं फळ्यावर लिहून देत असे. दादा पोरांना पैनगंगेच्या कोरड्या पात्रात नेत. पलीकडच्या काठावर बाभळीला मिऱ्यांची पुरचुंडी टांगलेली असे, आणि तिकडे जाणाऱ्या सरळ वाटेवर कोळशाच्या मिशा काढलेली दांडगी पोरं नाकेदार म्हणून बसवलेली असत. जाणाऱ्याचा खिसा रिकामा केल्याशिवाय ती कुणाला सोडत नसत. पोरं थोडा वेळ भांडत, मग एखादा विचारी, "गुर्जी, नाक्याच्या मांगून, लांबून जाऊ का?"

"अरे, तेच तर केलं ना बे त्याइनं!" दादा टाळी वाजवून ओरडत.

एका वर्षी एक हट्टी पोरगा भलत्याच दिशेने गेला. पृथ्वी गोल आहे असं गुरुजींनीच सांगितलं होतं, तेव्हा उलटं जाऊनही बाभळीपाशी पोचू, असा त्याचा हिशेब. तो कुणाच्या तरी वावरात शिरला आणि खिसे भरून हिरव्या मिरच्या घेऊन पळत परत आला. मागे वावराचा मालक, हातात काठी. दादांनी त्या मालकाला हात जोडून शांत केलं, पोराला खांद्यावर घेतलं आणि नदीभर मिरवलं. "हा खरा खलाशी! मिरे आनाले गेल्ता, मिरची घेऊन आला. तिकडल्या त्या मानसाचं असंच झालं. तो वाट चुकला म्हनून आपल्या ठेच्याले चव आली रे!"

दादांच्या तोंडून हा किस्सा ऐकून मी घरी आलो आणि कपाट उघडून बसलो. मिरची आपली नव्हे, तिकडून आलेली आहे, ही दादांची थाप असावी अशी माझी मनापासून इच्छा होती. पुस्तकात दादा म्हणाले तसंच लिहिलं होतं. मी पुस्तक जरा जोरात मिटलं. वास्तविक दादांचं बाकीचं ज्ञान भयंकर होतं. पोर्तुगालच्या राजाला ते मलकापूरच्या बाजारात रुईच्या गाड्या मोजायला उभं करीत, आणि खलाशांना वाटेत भाकरी बांधून देत. त्या चुका कुणी शोधीत नसे. मी शोधून सांगितल्या तर पत्नी म्हणे, "राहू द्या ना. दादाची गोष्ट हाय ते."

एकदा नागपूरहून एक इंग्रज इन्स्पेक्टर तपासणीला आले. माझ्या वर्गाने पाचही कारणं एका सुरात म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. मग ते देऊळघाटला निघाले आणि दुभाष्या म्हणून मलाच बरोबर घेतलं. तिथे साहेबांनी तोच प्रश्न विचारला. पहिल्या ओळीतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या घरच्या भाजीले चव नव्हती, म्हनून तुमी निघाले."

मी दुभाष्या. मला घाम फुटला. खाद्यपदार्थ टिकवण्याच्या दृष्टीने मसाल्यांना असलेली मागणी, असं काहीतरी मी इंग्रजीत जुळवू लागलो, तोच साहेब हसत सुटले. त्यांना मराठी चांगलं कळत होतं. "अजून नाही चव," ते म्हणाले. त्या दिवशी ते दादांच्या ओट्यावर बसून ठेचा-भाकर जेवले, नाक पुसत पुसत, आणि पुन्हा वाढा म्हणाले. माझ्या हायस्कुलात त्यांच्यासाठी मागवलेला केक तसाच राहिला.

साहेबांची मोटार गेल्यावर मी दादांना म्हटलं, "दादा, कारणं पाच आहेत. तुम्ही पोरांची दिशाभूल करता."

दादा भांडी उचलीत होते. म्हणाले, "जवाईबापू, पाच कशाले? एकच हाय. शेजाऱ्याच्या घरून फोडनीचा वास येते, अन् आपल्या ताटात पेज. मंग मानूस बसते का घरी? पोर्तुगालचं पाहून स्पेन जळला, स्पेनचं पाहून इंग्रज जळला. जळल्याबगर कोनी एवढ्या लांब जात नाई." आणि माझ्याकडे पाहून अगदी प्रेमाने हसले. "आता तुमीच पाहा. एवढी पुस्तकं तुमी काऊन वाचता?"

मी वाकून उरलेली भांडी उचलू लागलो. माझ्या मनातलं त्यांना किती कळलं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि दादा गेले. सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत, हळद घालत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला शास्त्राप्रमाणे फार दिवस पाळावं लागत नाही, पण पत्नीने तेरावा होईपर्यंत सगळं पाळलं. तेरावा झाला, देऊळघाटची मंडळी गोडाचं जेवून आपापल्या कामाला लागली, तरी आमच्या कढईत मोहरी तडतडली नाही. पोळा आला आणि गेला. रोज उकडलेली डाळ, उकडलेली भाजी. ताटावर बसलो की दादांची आठवण येई, आणि तिच्या मागोमाग एक नको तो विचार येई: मी गेलो तर ही माझ्यासाठी इतके दिवस फोडणी बंद ठेवील का?

एका दुपारी ताटातल्या पांढऱ्या डाळीकडे पाहता पाहता मी उठलो. हात धुतले. टोपी घातली, काठी घेतली आणि दारात जाऊन कपाळावर हात धरून उभा राहिलो.

"कुठं चालले अर्ध्या ताटावरून?" तिने विचारलं.

"जहाज घेऊन जाऊन राह्यलो," मी म्हटलं. "मिरे आनाले."

पुण्याहून परतल्यावर ही बोली माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाली. फार वाईट निघाली असावी. ती बघतच राहिली. मग तिचा पदर हळूहळू तोंडाशी गेला, खांदे हलले, आणि ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंतर नुसतं पाणीच राहिलं, बराच वेळ. मी काठी धरून तसाच दारात उभा.

"बसा खाली," डोळे पुसून ती म्हणाली. "मिरे घरात हायेत. दादानंच आनून ठेवले होते." आणि चुलीकडे वळली.

थोड्या वेळाने मोहरी तडतडली. वास घरभर झाला, गल्लीतही गेला असेल. मी जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते हसू मला मिळालं होतं. पण ते माझं होतं की त्यांचं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. हल्ली नवीन पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसतो. गल्लीच्या तोंडाशी एखादं खाचर वळलं की नकळत उठून उभा राहतो, आणि ते पुढे निघून गेलं की खाली बसतो.