बोधगया ते पवनानगर, व्हाया भुशी

मोटारीला घराच्या भिंतीचा डिस्टेंपर लावू नये, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. सुनंदा म्हणते, तिनं सांगितलं होतं. पण सुनंदा माझी बायको आहे, आणि तिनं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी लक्षात ठेवायच्या म्हटल्या तर मला जेवायलाही सवड मिळणार नाही.

झालं असं, की पवनानगरच्या अलीकडं आमचं गाव आहे आणि गावातल्या बुद्धविहाराला आम्ही सगळ्यांनी मिळून निळा रंग दिला. त्यातला थोडा उरला. त्याच सुमारास सोमाटण्याच्या एका भंगारवाल्याकडं मला एक म्हातारी व्हॅन मिळाली. पूर्वाश्रमी ती कुठल्याशा कॉलेजच्या दारात उभी राहून खाण्याचे पदार्थ विकायची. एका अंगाला वर उघडणारी मोठी खिडकी, खिडकीखाली फळी आणि अंगभर लाल अक्षरांत मजकूर. मी आत बाकं जोडून पलंग केला, गॅसची शेगडी बसवली, मध्ये पडदा लावला, मजकुरावर विहाराचा उरलेला निळा रंग फासला आणि घरात जाहीर केलं, की आजपासून ही कॅम्पर व्हॅन आहे. आई म्हणाली, "आसंल."

हा सगळा खटाटोप आईसाठीच होता. तिच्या मनात फार वर्षं एकच गोष्ट घर करून होती. बोधगयेला जायचं, तिथून बोधिवृक्षाचं रोप आणायचं आणि आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, आपल्या विहाराच्या अंगणात स्वतःच्या हातानं लावायचं. गावातल्या बायांना तिनं तसा शब्दच देऊन टाकला होता, की पुनवेच्या दुपारी वंदना सुरू व्हायच्या आत मी रोप घेऊन हितं उभी असेन. बायांनी अंगणात खड्डासुद्धा खणून ठेवला. मीही भर सभेत छाती पुढं काढून सांगितलं, की आईला माझ्या गाडीतून नेईन आणि माझ्याच गाडीतून विहाराच्या दारात उतरवीन. (या देशात रेल्वे नावाची एक सोय आहे, याची आठवण सुनंदानं तेव्हाही करून दिली होती.)

आणि सांगायला अभिमान वाटतो, आम्ही गेलो. सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर, पार लुंबिनीपर्यंत गेलो. गाडीनं वाटेत जागोजागी आपली आठवण ठेवली. सायलेन्सर मध्य प्रदेशात राहिला, एक आरसा बिहारात राहिला, आणि परतताना नाशिकच्या पुढं स्टार्टर गेला. तेव्हापासून गाडी ढकलल्याशिवाय चालू होईना. म्हणून मग इंजिन बंदच करायचं नाही, असा मी नियम केला. दादरला आई आणि सुनंदा चैत्यभूमीवर अभिवादन करून येईपर्यंत मी बाहेरच्या गल्लीत घरघरत बसून होतो. गल्लीतल्या लोकांनी माझ्याविषयी काय उद्गार काढले ते इथं सांगत नाही.

बोधगयेहून आईनं दोन गोष्टी आणल्या. एक रोप, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं. दुसरा संकल्प. तिथं काही अनोळखी माणसांनी आम्हाला हाताला धरून पंगतीत बसवलं, पोटभर खीर वाढली आणि पैसा घेतला नाही. आईच्या मनाला ते फार भिडलं. तिनं तिथंच ठरवलं, की घरी पोचेपर्यंत आपल्या गाडीपाशी जो कुणी भुकेला येईल त्याला खाऊ घालायचं आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी तिला हळूच म्हटलं, असू दे, रस्त्यात आपल्याकडं जेवायला कोण मरायला येतंय.

खरंच कुणी आलं नाही. लोणावळ्यापर्यंत.

पौर्णिमेच्या सकाळी भर पावसात खंडाळ्याचा घाट चढून वर आलो तेव्हा मला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. मावळ आलं, म्हणजे घरच आलं! सुनंदानं विचारलं, मोबाइलवर रस्ता बघू का. सबंध उत्तर भारतात मी पानवाल्यापासून पोलिसापर्यंत दिसेल त्याला रस्ता विचारला होता, पण मावळात? जन्म गेला माझा इथं. मी तिला सांगितलं, फोन ठेव आणि बाहेरची हिरवळ बघ.

एवढंच, की इतके दिवस गाडीत काढल्यावर माणसाला वार कळेनासा होतो. तो रविवार होता. आषाढातल्या रविवारी लोणावळ्यात शिरू नये, हे मावळातल्या शेरडांनाही कळतं. चौकात पोलिसांनी वाहतूक एकेरी केलेली. मी 'मला माहितीय, मला माहितीय' म्हणत ज्या रांगेत घुसलो ती रांग निघाली थेट भुशी धरणाकडं. मागं वळायला जागा नाही, पुढं सरकायला वाट नाही. अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणं तिथं भिजायला आलं होतं. (लुंबिनी सापडली, पवनानगर सापडेना.)

चढावर गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली आणि मला इंजिन बंद करावं लागलं. गाडी कडेला घेतली ती नेमकी एका भजीच्या टपरीला खेटून. मी बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. मला त्यातलं काही कळत नाही, पण पुरुषानं उघड्या बॉनेटमध्ये बघत उभं राहायचं असतं. आत गुदमरायला होतंय म्हणून आईनं तेवढ्यात ती मोठी खिडकी वर उघडली आणि चहासाठी शेगडी पेटवली.

आणि मग माझं गाडीच्या त्या अंगाकडं लक्ष गेलं. वाटेतल्या सरींनी रंग पोपडे धरून होताच, घाटातल्या पावसानं उरलंसुरलं काम केलं. विहाराची सगळी निळाई ओघळून चाकांवरून वाहत चालली होती आणि तिच्याखालून लाल अक्षरं लख्ख वर आली होती. 'गरमागरम कांदाभजी. एकदा खाल, पुन्हा याल.'

पहिलं आलं ते एक भिजलेलं जोडपं. सोबत छोटी मुलगी, थंडीनं ओठ निळे पडलेली. दोन प्लेट भजी मागितली. मी पुढं होऊन समजावलं, की ही खासगी गाडी आहे, आम्ही बोधगयेहून येतोय. त्या गृहस्थानं शांतपणे पाटी वाचली. शेगडी पाहिली. फळीमागं उभी असलेली आई पाहिली. मग मला म्हणाला, घाई नाही, निघतील तेव्हा द्या.

मला वाटलं, आई आता त्याला वाटेला लावील. आईनं त्या पोरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "दिल्या, कांदे कुटं ठिवलेत?"

"आई, अगं वंदनेला उशीर होईल."

"लेकरू कुडकुडतंय. मी बोधगयेत बोलून बसलेय. कांदे दे."

कांदे होते, बेसन होतं, तेल होतं. भजी झाली. गृहस्थानं पैसे काढले, आईनं हात जोडले. त्यानं पुन्हा पुढं केले, आईनं पुन्हा हात जोडले. शेवटी तो पैसे खिशात घालून मागं वळला आणि रस्त्यावरच्या आपल्या मित्रांना ओरडून म्हणाला, इकडं या रे, इथं फुकट आहे!

पुढचं काय सांगू. धरणाच्या पायऱ्यांवरून माणसं उठून आली. रेनकोट, छत्र्या, टॉवेल, रबरी चपला, सगळं आमच्या खिडकीशी. एकाला मक्याचं कणीस हवं होतं. एकाला बिनकांद्याची कांदाभजी हवी होती. सुनंदा सुरुवातीला कपाळाला हात लावून बसली होती, ती बघता बघता कांदे चिरायला लागली आणि त्या गडबडीत तिचा फोन पिठात पडला. मला वर्तमानपत्राचे तुकडे करायला बसवलं. एक काका म्हणाले, भजी चांगली आहेत, पण सोबत चटणी ठेवा. मी म्हणालो, उद्यापासून ठेवतो. हे आपण काय बोलून गेलो, ते मला दोन मिनिटांनी कळलं.

तेवढ्यात शेजारच्या टपरीवाल्या बाई पदर खोचून आल्या. कौसाबाई त्यांचं नाव. त्यांच्या कढईपुढं एक माणूस उभा नव्हता.

"भाऊ, ह्यो काय धंदा लावलाय?"

"धंदा नाही हो मावशी, फुकट आहे."

"त्येच म्हन्ते म्या. भर रईवारी माझ्या दाराम्होरं फुकट वाटायला तुमाला दुसरी जागा घावली न्हाई व्हय?"

मी पुन्हा वर्तमानपत्र फाडायला घेतलं. आईनं त्यांना आत घेतलं, बसवलं, पुढ्यात भजी ठेवली. कौसाबाईंनी एक तोंडात टाकलं, मीठ कमी आहे म्हणाल्या आणि मग काय झालंय ते विचारलं. आईनं सगळं सांगितलं. संकल्प सांगितला, पुनव सांगितली, तिकडं बाया खड्डा खणून वाट बघतायत ते सांगितलं. बोलता बोलता तिनं रोपाचा डबा जवळ ओढला. "इतक्या लांबनं सांभाळून आनलंय वो," ती म्हणाली, "आन् आता घराजवळ यिऊन ऱ्हातंय बगा." मला फार वाईट वाटलं. साऱ्या प्रवासात ती एकदाही कुरकुरली नव्हती.

कौसाबाईंनी डब्यातल्या रोपाकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, मला विचारलं, की गाडी चालू कशी होते. मी म्हटलं, ढकलून. त्या तडक बाहेर गेल्या, क्रेटवर चढल्या आणि धरणापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्यानं ज्यानं हितं फुकट खाल्लंय, त्यानं गाडीला हात लावायचा. लावल्याबिगर कुनी हालायचं न्हाई!"

काय सांगावं, लावले की लोकांनी हात! चटणीवाले काका, बिनकांद्यावाला, सगळे. मी स्टिअरिंगवर. पोलिसानं शिट्टी मारून वाट मोकळी केली, लोकांनी गाडी उचलूनच वळवली म्हणा ना. उतारावर दोन आचके देऊन इंजिन सुरू झालं, टाळ्या पडल्या. "बसा, बसा, आता थांबणार नाही!" मी ओरडलो. सुनंदा शेजारी चढली, मागचं दार धाडकन लागलेलं ऐकलं आणि मी जी गाडी सोडली ती सोडलीच.

दुधिवरे खिंडीच्या रस्त्याला लागल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आई पडद्यामागं, पलंगावर, तिच्या नेहमीच्या जागी. मी हाक मारली. उत्तर नाही. सुनंदा म्हणाली, दमल्या असतील, पडू दे त्यांना. पण माझं मन भरून आलं होतं. मी तसाच पुढं बघत बोलत राहिलो. म्हटलं, आई, आज तू केलंस ते मला कधी जमलं नसतं. लहानपणी डब्यातली अर्धी भाकरी तू दुसऱ्याच्या पोराला द्यायला लावायचीस तेव्हा मला राग यायचा. आज कळलं बघ. तुझ्यासारखी आई मिळायला नशीब लागतं. जन्मात कधी मी असं बोललो नव्हतो. सुनंदानं डोळ्यांना पदर लावला. मीही लावला असता, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

विहारापुढं पांढऱ्या साड्यांतल्या बाया जमल्या होत्या. वेशीवर माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. मी इंजिन चालू ठेवून उडी मारली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घ्या, आणलं आईला दारात," आणि झोकात मागचं दार उघडलं.

आत रोप होतं, गादी होती, कांद्याची सालं होती आणि चार्जिंगला लावलेला आईचा फोन होता. आई नव्हती.

मी गादी उचलून पाहिली. इतका मुलूख पालथा घालून आईला आम्ही भुशीला टाकून आलो! सुनंदा माझ्याकडं आणि मी सुनंदाकडं. आणि मागून आवाज आला.

"रोप नीट हाय न्हवं?"

आई विहाराच्या पायरीवर उभी होती. अंगावर कौसाबाईंचा प्लॅस्टिकचा कागद, हातात झारा. गाडी ढकलणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याला भजी मिळाली नव्हती, म्हणून ती त्याला द्यायला खाली उतरली होती. दार लावलं होतं ते त्या म्हाताऱ्यानं. कौसाबाईंच्या मालकांनी तिला मोटारसायकलवर बसवून, गर्दीतून वाट काढत, केव्हाच आणून सोडलं होतं. तिनं इथून माझ्या फोनवर पुन्हापुन्हा फोन करायला लावले, पण खिंडीत मला रेंज कुठली. मालक कोपऱ्यात चहा पीत बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली.

मी आईचे पाय धरले. ती म्हणाली, पाय काय धरतोस, डबा धर. आणि वंदना सुरू व्हायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं रोप लावलं. माती लोटताना ती रडत होती आणि हसतही होती. सगळ्या बाया रडत होत्या. सुनंदानं तेवढ्यात तिच्या कानात सांगितलं, की वाटेत यांनी तुमचं किती कौतुक केलं. आई उठून हात झटकत मला म्हणाली, "मग आता बोल की परत. मी हाय हितं." मला एक शब्द फुटला तर शपथ.

रोप आता माझ्या कमरेला लागलंय. विहारात कुणी पाहुणा आला की त्याला ते दाखवायचं काम माझ्याकडं असतं. मी घसा साफ करून सांगायला लागतो, की आईला मी माझ्या गाडीतून सबंध देश फिरवून आणलं. आई शेजारीच बसलेली असते. ती मला मध्ये कधी तोडत नाही. माझं सगळं सांगून होऊ देते, आणि मग पाहुण्याकडं बघून मायेनं म्हणते, "व्हय, भुशीपातूर त्यानंच आनलं."