नराच्या पोटातली अंडी

सन दोन हजारच्या आसपास मी नाशिकच्या एका कॉलेजात माशांच्या प्रजननावर संशोधन करत होते. शहराचं सांडपाणी जिथे मिळतं त्याच्या खालच्या अंगाला गोदावरीत धरलेल्या चिलापी माशांच्या जोड्या प्रयोगशाळेच्या टाकीत सोडल्या, पण पिल्लं होईनात. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, माद्या तपासा. मी मुकाट्याने माद्या चिरत बसले. सगळ्या ठणठणीत निघाल्या.

घरी माझंही तेच चाललं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडून उपास करवले, मला काढे पाजले, डॉक्टर बदलले. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, यजमानांचीही तपासणी करून घ्या. यजमान अंबडला कारखान्यात होते. त्यांची नेमकी तपासणीच्या दिवशीच शिफ्ट बदलायची. मला मनस्वी संताप यायचा आणि तो गिळावा लागायचा.

शेवटी सरांना न विचारता नदीतल्या माद्यांबरोबर शहराच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातले नर सोडून पाहिले. पिल्लं झाली. मग नदीतले नर चिरले. वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत चक्क अंडी. साबण, प्लास्टिक, औषधं यांतून पाण्यात उतरणारी काही रसायनं माशाच्या अंगात मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा आधी सरांचा राग आला, मग एकटीच हसत बसले.

रविवारी यजमानांना प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी बराच वेळ भिंगाला डोळा लावला.

“मादी आहे ना ही?”

“नर आहे.”

“बाहेरून काहीच कळत नाही?”

“तपासल्याशिवाय नाही कळत.”

ते त्याच आठवड्यात आपणहून तपासणीला गेले. दोष त्यांच्यात निघाला. तो पाण्यामुळे होता असं मी म्हणणार नाही. माशावरून माणसाचं निदान करण्याइतकी मी उथळ नाही. रिपोर्ट हातात घेऊन बसलेलं त्यांना पाहिलं आणि माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. हे घरी सांगायचं नाही, असं मीच ठरवून टाकलं.

पुढे सासूबाईंनी माझ्यासाठी आणखी एक उपास काढला. यजमान जेवत होते. मान वर न करता म्हणाले, “आई, तिला जेवू दे. कमी माझ्यात आहे.”

सासूबाईंनी माझं पान वाढायला घेतलं.