बरणीसाहेबांचा शेवटचा अंक

जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्सेही झटकले तर दुकानात उरायचं काय?

माझं दुकान सदाशिव पेठेत. त्याआधी बारा वर्षं स्वारगेटजवळ फुटपाथवर पथारी होती. शिक्षण दहावी, तीही दोन हप्त्यांत. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दुकानात तीन माणसं न चुकता येतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका लेलेबाई, आयटीतला ओंकार आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले मेश्रामसाहेब. साहेब मूळचे भंडाऱ्याचे, राहतात मांजरीला, दोन बस बदलून येतात. वयं वेगळी, गावं वेगळी. चौघांचं दैवत मात्र एकच, आणि तो व्हिलन आहे!

एका परदेशी कॉमिकमधला हा महाबुद्धिमान शास्त्रज्ञ. स्फोटात शरीर गेलं, मेंदू तेवढा वाचला. तो काचेच्या बरणीत तरंगतो आणि तिथूनच जगावर राज्य करायचे बेत आखतो. इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही 'बरणीसाहेब' म्हणतो. व्हिलन झाला म्हणून काय झालं, बुद्धीला मान द्यावाच लागतो.

मालिकेचे अंक चोवीस. तेविसाव्याच्या शेवटी बरणी टेबलावरून घसरते, हीरो हात पुढं करतो, आणि 'क्रमशः'! चोविसावा अंक आपल्याकडं मिळतच नाही. गेली सहा वर्षं मेश्रामसाहेब दुकानात पाऊल टाकताच विचारतात, "आला का शेठ, चोवीस?"

मी म्हणतो, "नाही आला, साहेब." मग ते बसतात.

आता एक कबुली देतो. अंक आलाय. दोन वर्षांपूर्वीच, मांजरीहून आलेल्या रद्दीच्या एका गठ्ठ्यात. तेव्हापासून तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. द्यायला हवा होता, कबूल. पण पूर्वी एक गृहस्थ एकाच पुस्तकासाठी अकरा वर्षं दर महिन्याला यायचे. मी जिवाचं रान करून ते मिळवलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून माझा हात हातात घेतला, गेले, ते गेलेच! तेव्हा कळलं, गिऱ्हाईक पुस्तकासाठी येत नाही. न मिळालेल्या पुस्तकासाठी येतं.

वहिनी गेल्यापासून मेश्रामसाहेबांचा आठवडा रविवारीच उजाडतो. आणि खरं सांगायचं तर माझाही. तेव्हा ड्रॉवर बंद. मीही तो अंक वाचलेला नाही. एकट्यानं वाचायचा म्हणजे पंगतीआधी उरकून घेतल्यासारखं झालं असतं.

* * *

मला इंग्रजी बरणीसाहेबांनी शिकवलं. फुटपाथवर गिऱ्हाईक नसलं की मी त्यांचे डायलॉग मोठ्यानं वाचायचो. एकदा पथारी आवरताना एक गोऱ्या बाई आल्या. मी मान झुकवून म्हणालो, "टू लेट, माय डिअर! यू आर टू लेट! हा हा हा हा!"

बाई दोन पावलं मागं सरल्या आणि पळाल्या.

वाक्य संपलं की हसायचं, ही इंग्रजीची रीत असावी असं मला वाटायचं. पुस्तकात तसंच छापलेलं असायचं ना!

* * *

एकदा लेलेबाईंनी विचारलं, "याची बरणी धुतं कोण?"

बरणीसाहेबांकडं दहा हजार यंत्रमानव आहेत, तीन उपग्रह आहेत. पण चोवीसपैकी तेवीस अंकांत पाणी बदलताना कोणी दिसत नाही.

मेश्रामसाहेबांनी हा प्रश्न मनाला लावून घेतला. शेवटी आयुष्य पाण्यात गेलेलं. "इनलेट नाही, आउटलेट नाही. हे पाणी तीन दिवसांत सडते ना बापा!" त्यांनी परदेशी प्रकाशकाला रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, सोबत बरणीला दोन नळ दाखवलेला नकाशा.

सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

साहेब खूश! "पाहा, तिकडंही आपल्यासारखंच खातं आहे."

* * *

दुकानासमोर एकदा प्रदर्शन मांडलं. ओंकार म्हणाला, "शेठ, लाइव्ह मॉडेल करू. एकदम किलर दिसेल." लेलेबाईंनी काचेची बरणी दिली, परत करायच्या अटीवर. तिच्यात अख्खा फ्लॉवर, पाणी आणि मागून निळा दिवा. काय रुबाब! येणारा-जाणारा थांबायचा.

चौथ्या दिवशी वास सुटला. लेलेबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "जगावर राज्य करायचंय ना, मग आधी फ्रीजमध्ये राहायला सांगा त्यांना."

तेवढ्यात एक ताई आल्या, बरणीकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "फ्लॉवरचं लोणचं केवढ्याला दिलंत?"

मी दिलं नाही. पण क्षणभर भाव मनात येऊन गेला. धंद्याचा माणूस आहे, खोटं कशाला सांगू!

* * *

ओंकारच्या ऑफिसातही एक बरणीसाहेब होते. तीन वर्षं वर्क फ्रॉम होम, बॉसचा कॅमेरा कायम बंद. काळ्या चौकोनातून नुसता भारदस्त आवाज. "टीम, वुई विल डॉमिनेट धिस मार्केट!" ओंकारची टीम त्या आवाजाला चळचळा कापायची.

एकदा साहेब प्रत्यक्ष ऑफिसात अवतरले. चणीनं लहान, हातात डबा. सगळे उभे राहिले. आता काय घोषणा होते म्हणून श्वास रोखून बघत होते.

साहेब हळूच म्हणाले, "एक्स्क्यूज मी, वॉशरूम कुठंय?"

ओंकार म्हणतो, "शेठ, त्या दिवसापासून भीतीच गेली. शरीर असलं की व्हिलनगिरी जमत नाही."

* * *

मग बरणीसाहेबांवर सिनेमा आला. आम्ही चौघं ओळीत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत मेंदू बरणीतून निघाला आणि एका पैलवानाच्या धडात जाऊन बसला! पुढचे दोन तास नुसती मारामारी.

इंटरव्हलला लेलेबाई थेट मॅनेजरसमोर. "पोस्टरवर मेंदू, आत धड. हे काय आहे?"

"काकू, बॉडीशिवाय पिक्चर चालत नाही."

"अहो, मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. धडं रोज समोर यायची. मेंदू दिसेल म्हणून इथं आले होते."

मॅनेजरनं चौघांना पॉपकॉर्न दिलं. मेश्रामसाहेब खात खात म्हणाले, "चोविसावा अंक मिळाला असता तर या लोकांनी असं केलं नसतं."

मी पॉपकॉर्नमध्ये तोंड घातलं.

* * *

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. मेश्रामसाहेब आले आणि काहीच न विचारता बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा!

"उद्या बायपास करून राहिले माझी," ते म्हणाले. पाइपलाइनचं काम निघाल्यासारखं. "डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. म्हणतातच ते."

ओंकारनं फोन खिशात घातला. मला वाटलं, हा माणूस शेवट न वाचता आत गेला आणि काही झालं, तर तो ड्रॉवर मला जन्मभर उघडता यायचा नाही. मी अंक काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"शेठ!" ओंकार ओरडला. "हा कधी आला?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" लेलेबाई म्हणाल्या. "तुम्हालाच बरणीत घालायला हवं."

मेश्रामसाहेबांनी अंकाला हात लावला नाही. नुसतं मुखपृष्ठाकडं बघत म्हणाले, "पान सतरा काढा. बरणीच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग असेल."

मी पान सतरा काढलं. बरणीच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग होता.

मला तो मांजरीहून आलेला गठ्ठा आठवला. साहेबांनी माझ्या हातातून अंक घेतला, मिटला, स्वतःच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर आत लोटला.

"दोन महिने बस बंद राहील माझी," ते उठत म्हणाले. "त्याच्यानंतर येतो."

काल सकाळी दहा वाजता दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी काठी उतरली, मग साहेब. बारीक झालेत. पायरीवर एक पाऊल ठेवलं, दम घेतला आणि विचारलं, "आला का शेठ, चोवीस?"

"नाही आला, साहेब!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

मग ते बसले.