केरबाची न वाजलेली हलगी

संघर्ष सॅक्सोफोन शिकला लग्नाच्या बँडमध्ये, पण त्याचा कान बिघडवला तो ओमोंडीने. केनियाचा हा पोरगा नव्वदच्या सुमारास कोल्हापुरात शिकायला आला होता. खोलीत जॅझच्या नाहीतर ब्लूजच्या कॅसेटी लावायच्या आणि मांडीवर ढोल घेऊन त्यांना आपल्या गावचा ठेका जोडायचा, हा त्याचा उद्योग. वरातीत तीच ती सिनेमाची गाणी फुंकून तोंड आंबलेल्या संघर्षला घबाडच सापडलं. दोघांनी मिळून चाली बांधल्या. पुण्याच्या हॉटेलांत, पन्हाळ्याच्या पर्यटकांपुढे वाजवल्या. कोल्हापूरकर मात्र विचारत, "हे कुणाच्या मयताचं हाय रं?"

एकदा ओमोंडी सहज म्हणाला, "आमच्याकडे ढोलवाल्याला गावातल्या थोरांच्या मांडीला मांडी लावून बसवतात." ते संघर्षच्या काळजात रुतलं. त्याचा बाप केरबा कागलकडचा एके काळचा नावाजलेला हलगीवाला. आक्काताईने, म्हणजे संघर्षच्या आईने, ती हलगी लहानपणी जत्रेच्या कुस्त्यांत ऐकलेली. "काडी पडली की पैलवानांच्या अंगात वारं शिरायचं," असं ती सांगे. पण त्याच हलगीवर केरबाला दवंडी पिटावी लागे, मढ्यापुढे चालावं लागे, आणि वर शिळी भाकरी मिळे, तीही लांबून टाकलेली. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्याने हलगी ओढ्यात फेकली ती फेकलीच.

"आबा, एकदाच वाजवा. मला तुमचा हात ऐकायचा हाय," संघर्षने गळ घातली. ओमोंडीचं बोलणंही सांगितलं.

"तेंच्यात बसवत असतील. मला उकिरड्याशेजारी बसवत व्हते," केरबा म्हणाला. "तू बाजा फुंक. कातडं घरात आणायचं न्हाय."

संघर्षने पुन्हा गळ घातली नाही.

ओमोंडी मायदेशी गेला. डॉल्बी आली आणि बँड बसले. संघर्ष शिकवण्या घेऊ लागला, पण चाली सोडल्या नाहीत. कोल्हापुरात हलगीवाल्यांना काय तोटा? मित्र म्हणत, ओमोंडीच्या ढोलाच्या जागी घे की एखादा. त्याला दुसऱ्याचा हात नको होता. मुलखाने ऐकलेली हलगी पोटच्या पोरानेच ऐकली नव्हती, हे त्याला फार खुपायचं.

२००४ साली शहरात त्याचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला. केरबा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. शेवटच्या चालीत मध्येच संघर्षने सॅक्सोफोन खाली घेतला. साथीचा गिटारवालाही थांबला. सभागृह गप्प. कुणी खोकलं, कुणी फिदीफिदी हसलं. मग संघर्षने दम भरून सूर पुन्हा उचलला.

घरी जाताना रिक्षात केरबाने विचारलं, "मधी थांबलास, ते माज्यासाठी?"

"व्हय, आबा."



"लवकर उचललंस," केरबा म्हणाला. "माजं अजून वाजवून व्हायचं व्हतं."

संघर्ष बापाचा हात धरून रडला. हलगी इतक्या जवळ वाजली, आणि त्यालाच ऐकू आली नव्हती.